पांढरी पाचच्या जरा वर

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही देवनारच्या घराचा माळा आवरायला काढला. जुन्या पितळी डब्यांच्या मागे, चादरीत गुंडाळलेला आजोबांचा अँप्लिफायर होता. वजन बारा-तेरा किलो, पत्र्याच्या पेटीवर पाच व्हॉल्व्ह, आणि मागे काळा चौकोनी ठोकळा, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. मी साउंड एडिटिंग करते, त्यामुळे ही वस्तू भंगारात देण्याचा प्रश्नच नव्हता. आधी नीट तपासायची, मग वीज द्यायची, असा शहाणपणाचा नियम मला माहीत होता. मी तो पाळला नाही. भूल सुरू करतानाच कबूल केलेली बरी.

व्हॉल्व्ह लालसर झाले. स्पीकरमधून गाणं यायच्या आधी एक जाड, सपाट घुमणं आलं: हम्म्म्म. आजी आतल्या खोलीत होती. ती तेव्हा एक्याऐंशीची. फोनवर बोललेलं तिला अर्धं ऐकू येत नाही, ‘स’ आणि ‘श’ तर कधीचे गेले. तरी ती आतून म्हणाली, “हा त्यांचाच ना? पांढरी पाच. जरा वर.”

मी गिटार ट्यून करायचं अँप उघडलं. पडद्यावर ‘जी’ आलं, काटा मधल्या रेघेच्या थोडा उजवीकडे. पेटीवरची पांढरी पाच म्हणजेच ‘जी’. आजी भजनी मंडळात पस्तीस वर्षं पेटी वाजवत होती. म्हातारपणी कान वरच्या पट्टीतून आधी जातात, खालचे सूर उशिरापर्यंत टिकतात. तेव्हा तिला हम ऐकू येणं यात चमत्कार काहीच नव्हता. चमत्कार पुढे होता, आणि तो कळायला मला चार महिने लागले.

*

ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो कशामुळे? १८४२ साली जेम्स जूल यांच्या लक्षात आलं की लोखंडाला चुंबकत्व दिलं की ते किंचित लांब होतं. किंचित म्हणजे किती, तर एक मीटरच्या दांड्यात काही मायक्रोमीटर. केसाची जाडीसुद्धा याच्या कितीतरी पट असते. गंमत अशी की चुंबकत्व कोणत्या दिशेचं आहे याच्याशी लोखंडाला देणंघेणं नाही. उत्तर-दक्षिण असो की दक्षिण-उत्तर, ते ताणलंच जातं. आपल्या भिंतीतली वीज सेकंदाला ५० वेळा पूर्ण फेरा मारते, एका फेऱ्यात चुंबकत्व दोनदा कळसाला जातं, म्हणून लोखंड सेकंदाला १०० वेळा आळोखेपिळोखे देतं. कानाला येतो तो १०० हर्ट्‌झचा सूर. पेटीतली खालच्या सप्तकातली पांढरी पाच ९८च्या आसपास असते. आजीचं ‘जरा वर’ हे त्या दोन हर्ट्‌झचं होतं.

हे फक्त जुन्या अँप्लिफायरचं नाही. ट्यूबलाइटची चोक, फ्रिज, लिफ्टची खोली, सोसायटीच्या गेटाजवळचं सबस्टेशन, सगळे हाच सूर धरून बसलेले असतात. तुमच्या फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं फुकट अँप टाका आणि रात्री सबस्टेशनच्या भिंतीजवळ (कुंपणाच्या बाहेरूनच) धरा. १००वर एक सुळका दिसेल, मग २०० आणि ३००वर त्याची पिल्लं. मुंबईत गाणारा माणूस जन्मभर या सुरावर गातो. त्याचा सा पांढरी एक असेल तर शहर त्याला पंचम देतं. काळी एक असेल तर बिचाऱ्याच्या मागे अष्टौप्रहर तीव्र मध्यम. यावर कुणी संशोधन केलंय की नाही ते सोडा, मला तरी हे कळल्यापासून रियाज करणाऱ्या शेजाऱ्यांबद्दल सहानुभूती वाटते.

*

हा ५० आला कुठून? निसर्गात तो नाही. १८९०च्या दशकात जर्मनीत एईजी कंपनीने ५० धरला, अमेरिकेत वेस्टिंगहाउसने ६०. मध्ये बराच काळ गोंधळ होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एकट्या लंडनमध्ये दहाएक वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीची वीज नांदत होती. जपानने टोकियोसाठी जर्मन यंत्रं घेतली आणि ओसाकासाठी अमेरिकन, म्हणून तो देश आजही अर्धा ५०वर आणि अर्धा ६०वर चालतो. आपण ब्रिटिशांच्या मागून ५०च्या घरात गेलो.

मुंबईच्या बाबतीत ही वीज घाटातून उतरली. लोणावळ्याच्या बाजूला पावसाचं पाणी अडवायचं, ते नळातून खाली खोपोलीला सोडायचं आणि त्यावर गिरण्या चालवायच्या, ही जमशेटजी टाटांची कल्पना. ते १९०४ साली गेले, खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. पुढे भिवपुरी, मग भिरा. १९२९ साली उपनगरांना वीज पुरवायला बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी निघाली. तीच आमची बीएसईएस. १९५६ साली आमच्या दक्षिणेला, तुर्भ्याच्या किनाऱ्यावर, टाटांचं औष्णिक वीजकेंद्र उभं राहिलं. त्याची धुराडी आमच्या गच्चीवरून दिसतात. लहानपणी मला वाटायचं की हम तिथूनच येतो, तारेतून वाहत. तसं बघितलं तर फार चुकीचंही नव्हतं. बिलावरचं नाव बीएसईएस होतं, मग रिलायन्स झालं, २०१८पासून अदानी. सूर तोच राहिला.

५० आणि ६०च्या भांडणाचा एक बळी आमच्याच मजल्यावर होता. शेजारचे एक काका १९७९ साली दम्मामहून अमेरिकन अँप्लिफायर घेऊन आले. आखातात सौदी हा ६० सायकलचा देश, आणि यंत्राच्या मागे स्वच्छ लिहिलं होतं: १२० व्होल्ट, ६० सायकल. काकांनी व्होल्टेज उतरवणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवला आणि निश्चिंत झाले. पण व्होल्टेज उतरवता येतं, सायकल नाही. लोखंडात किती चुंबकत्व भरणार हे व्होल्टेज भागिले फ्रीक्वेन्सी यावर ठरतं. १२० भागिले ६० म्हणजे २. १२० भागिले ५० म्हणजे २.४. वीस टक्के जास्त. लोखंडाचं पोट भरतं, ते आणखी घेऊ शकत नाही, वायरीतून नको तेवढा करंट ओढला जातो, ठोकळा तापतो आणि भुंग्यासारखा घोंगावतो. काकांच्या अँप्लिफायरवर दूध कोमट राहायचं असं बाबा सांगतात. त्याउलट बरीच जपानी यंत्रं इथे सुखाने जगली. दोन्ही सायकलींवर चालणारं यंत्र बनवणं ही जपानी कारखानदाराची घरचीच गरज होती.

*

आता आजोबांचा अँप्लिफायर. त्यांनी तो १९६५ साली स्वतः जोडला. आराखडा मुलार्ड या ब्रिटिश कंपनीचा, जगभरच्या हौशी लोकांनी बनवलेला ‘फाइव्ह-टेन’. पाच व्हॉल्व्ह, दहा वॉट, म्हणून हे नाव. एक ईएफ८६, एक ईसीसी८३, दोन ईएल८४ आणि विजेचं एसीचं डीसी करणारा ईझेड८०. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले होते. आजोबांच्या पाचांपैकी दोनांवर बीईएलचा शिक्का आहे, बाकीचे लॅमिंग्टन रोडवरून जमवलेले.

त्यांची एक वही सापडली. निळी शाई, बारीक अक्षर, आणि जवळपास प्रत्येक पानावर एकच शत्रू: ‘हम आहे’, ‘हम कमी’, ‘हम पुन्हा’. मी हसले, मग लक्षात आलं की हा एकट्या आजोबांचा छंद नव्हता. विजेवरचा आवाज जन्माला आला तेव्हापासून लोक हेच करत आले आहेत.

१९३०च्या आगेमागे स्पीकरसाठी पुरेसं दमदार कायमचं चुंबक स्वस्तात मिळत नसे. म्हणून स्पीकरच्या पाठीवर तारेचं मोठं वेटोळं असायचं आणि वीज देऊन त्याचं चुंबक करायचं. त्या विजेतली थरथर स्पीकरमध्ये उतरायची. त्यावर उपाय म्हणून आवाजाच्या तारेला जोडून काही वेढे उलटे घालत. एक हम पुढे ढकलतो, दुसरा मागे ओढतो, दोघे एकमेकांना खातात. हीच कल्पना १९५५ साली गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी गिटारच्या पिकअपला लावली. त्याचं नाव हमबकर, आणि आज कुठल्याही रॉक गाण्यात ती ऐकू येते. आजोबांच्या पहिल्या व्हॉल्व्हमध्ये, ईएफ८६मध्ये, तर तापणारी तारच दुहेरी पीळ घालून ठेवलेली असते. जाणारा आणि येणारा करंट शेजारी शेजारी, म्हणजे दोघांचं चुंबकत्व रद्द. केवढ्याशा काचेच्या नळीत केवढी काळजी.

दुसरी एक पळवाट होती, ती म्हणजे ट्रान्सफॉर्मर ठेवायचाच नाही. कलकत्त्याच्या काही भागांत दशकानुदशकं डीसी वीज होती, आणि डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. म्हणून एसी-डीसी दोन्हीवर चालणारे रेडिओ निघाले. व्हॉल्व्हच्या तारा माळेसारख्या एकापुढे एक जोडायच्या आणि थेट भिंतीतल्या विजेवर लावायच्या. हे रेडिओ हलके असत, स्वस्त असत आणि ट्रान्सफॉर्मरचा हम नसे. फक्त प्लग उलटा लागला तर आतल्या पत्र्यात पूर्ण व्होल्टेज. वरचं प्लास्टिकचं बटण निखळलं आणि नुसता खिळा उरला की त्या खिळ्याला हात लावायचा नाही, हे तेव्हाच्या मुलांना बाराखडीबरोबर शिकवलं जाई.

दुरुस्ती करताना पहिला प्रश्न असतो, हम नक्की कुठे आहे. स्पीकरची वायर काढली. (व्हॉल्व्हचा अँप्लिफायर स्पीकरशिवाय चालवू नये, म्हणून जागी एक जाड रेझिस्टर लावला.) तरीही ठोकळा गुणगुणत होता. म्हणजे एक हम लोखंडाचा, हवेतून येणारा. स्पीकर परत लावला, आवाजाचं बटण शून्यावर, तरी स्पीकरमध्ये १००चा हम. म्हणजे दुसरा हम फिल्टर कंडेन्सरचा. हे कंडेन्सर एसीच्या लाटा सपाट करतात, आतला ओलावा सुकला की काम सोडतात, आणि मुंबईच्या माळ्यावर तेहेतीस वर्षं म्हणजे त्यांचं वाळवणच. ते बदलले. सांगून ठेवते: यात तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही राहतात. रेझिस्टरने ते उतरवल्याशिवाय, आणि मीटरवर शून्य बघितल्याशिवाय, आत बोट घालू नका. मी इथे तरी नियम पाळला.

स्पीकर शांत झाला. ठोकळा अजून गुणगुणत होता. त्याच्या पत्र्याच्या पट्ट्या आवळणारे बोल्ट ढिले होते, ते घट्ट केले, थोडा फरक पडला. मग भिंतीतलं व्होल्टेज मोजलं: २४२. आजोबांनी २२०च्या टोकाला वायर जोडली होती. १९६५च्या देवनारला, संध्याकाळी दिवे लागल्यावर, ते बरोबरच होतं. वीज सुधारली आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर बिघडला.

*

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. संकटात शहराला बाकीच्या जाळ्यापासून बाजूला काढून चालू ठेवायची जी व्यवस्था आहे, ती त्या दिवशी तग धरू शकली नाही. माझ्या समोर अँप्लिफायर उघडा होता, हातात स्क्रू ड्रायव्हर. फ्रिज थांबला, पंखा थांबला, खालचं सबस्टेशन थांबलं. इतकी वर्षं त्या घरात राहून मी ती शांतता कधी ऐकली नव्हती. आजी खाटेवर उठून बसली. “पेटी आण,” म्हणाली.

तिने भाता हलवला आणि पांढरी पाच धरून ठेवली. “बघ, कुणाशी भांडत नाही.”

वीज दुपारी आली. तेवढ्या वेळात मला एक काम सुचलं, ते म्हणजे प्लग उघडायचं. अजून माझ्या अडॅप्टरवर भागवलं होतं. जुना प्लग तीन पिनांचा होता. स्क्रू काढले. लाइव्हला तांबडी वायर, न्यूट्रलला काळी, आणि मोठ्या पिनेला काहीच नाही. हिरवी वायर मुळाशी कापलेली, टोकाला कापडी टेप गुंडाळलेली, नीटनेटकी.

मी वही काढली. जून १९८६चं पान: ‘टेप डेक जोडला. दोन अर्थ झाल्या. हम फार. अर्थ काढली. हम गेला.’

यात न समजण्यासारखं काही नाही. अँप्लिफायरला अर्थ, डेकलाही अर्थ, आणि दोघांच्या मध्ये आवाजाची वायर, तिचंही जाळं अर्थला. तीन बाजू मिळून एक मोठं वेटोळं तयार होतं. आसपासच्या विजेमुळे त्यात बारीक करंट फिरायला लागतो आणि तो ५०च्या खर्जात स्पीकरमधून बोलतो. एक बाजू कापली की वेटोळं तुटतं, शांत. गणपतीच्या मांडवात, हॉलमध्ये, ऑर्केस्ट्रात आजही कुणीतरी पक्कड घेऊन हेच करतो, आणि आवाज गेला म्हणून त्याला शाबासकी मिळते. फक्त अर्थची वायर हमसाठी नसतेच. आतली वीज कधी पत्र्याला लागली तर तिला जमिनीत जायला रस्ता मिळावा, फ्यूज उडावा, म्हणून ती असते. रस्ता कापला तर पत्रा वाट बघत बसतो. कुणीतरी हात लावेपर्यंत.

ऑगस्ट १९८७, आषाढ-श्रावणातली ओल. आजी अँप्लिफायरवरची धूळ पुसत होती आणि तिला शॉक बसला. हात चिकटला. बाबा तेव्हा अकरावीत, त्यांनी पळत जाऊन मेन स्विच पाडला. तिच्या उजव्या तळहातावर अजून एक पांढरा डाग आहे आणि मधलं बोट पूर्ण वळत नाही. घरात ही गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे, आणि दर वेळी तिचं शेवटचं वाक्य तेच असतं: ओल्या हाताने यंत्राला हात लावला. आजीसुद्धा तसंच सांगायची, स्वतःवर हसत.

इन्सुलेशन मोजायचं मीटर एका मित्राकडून आणलं. ट्रान्सफॉर्मरचं पहिलं वाइंडिंग आणि त्याचं लोखंड यांच्यामध्ये लाखो ओहम हवेत. काही हजारच निघाले. दमट हवेत वार्निश कुजलं होतं. कोरड्या हातालाही तो पत्रा चावला असता.

आजोबा १९९६ साली गेले. शॉकनंतर आठवड्याभरात त्यांनी अँप्लिफायर माळ्यावर टाकला, असं बाबा म्हणतात, आणि त्याचं नाव पुन्हा काढलं नाही. वही त्या महिन्यातच थांबते. त्यांना कळलं होतं का? इतक्या नीट हातांच्या माणसाला कळलं नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. कळलं असेल तर ‘ओला हात’ नऊ वर्षं घरात फिरत कसा राहिला, यावरही बसत नाही.

*

वहीबरोबर एक कॅसेट होती. वर लिहिलं होतं, ‘भजन, घरी, नोव्हें. ८६, सायं.’ आजीचा आवाज, तिची पेटी, आणि मागे थोडा हम. अर्थ कापूनही ठोकळ्याचा उरलेला.

याला मागची एक गोष्ट आहे. आजी तेव्हा तक्रार करायची की संध्याकाळी रेकॉर्ड उतरते. सकाळी माणिक वर्मांची रेकॉर्ड पेटीच्या पट्टीशी जुळायची, तीच रेकॉर्ड संध्याकाळी सात वाजता दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसायची. आजोबांनी शास्त्रशुद्ध उत्तर दिलं. त्यांच्याकडे स्ट्रोब चकती होती, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. ती फिरत्या रेकॉर्डवर ठेवून ट्यूबलाइटखाली बघायची. ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते, ३३⅓च्या वेगाला १८० पट्ट्या, वेग बरोबर असेल तर पट्ट्या जागच्या जागी उभ्या दिसतात. त्यांनी संध्याकाळी सातला चकती लावली. पट्ट्या उभ्या. “अगं बघ, वेग बरोबर आहे. तुझा कान उतरलाय.” बाबांना हा प्रसंग आठवतो, कारण त्यांना त्या दिवशी विज्ञान फार आवडलं होतं.

चूक कुठे आहे ते तुम्हाला दिसलं का? मला दिसायला वेळ लागला. त्या प्लेअरची मोटर विजेच्या फ्रीक्वेन्सीवर फिरायची. ट्यूबसुद्धा त्याच विजेवर उजळायची. फ्रीक्वेन्सी खाली गेली तर मोटर मंद आणि ट्यूबही तेवढीच मंद. दोघे मिळून खोटं बोलले तर पट्ट्या उभ्याच दिसणार. स्वतःच्या सावलीला साक्षीला बोलावल्यासारखं. घरात विजेवर न चालणारी एकच गोष्ट होती: आजीची पेटी.

आणि फ्रीक्वेन्सी खाली जायची. तेव्हाचं वीजजाळं भुकेलं होतं. संध्याकाळी मागणी चढली की जनित्रं ओझ्याने मंदावायची, देशात कुठे कुठे ४८पासून ५२पर्यंत हेलकावे असायचे. ज्याने कमी फ्रीक्वेन्सीच्या वेळी जास्त वीज ओढली त्याला जास्त पैसे पडावेत असा दर आपल्या पश्चिम विभागात १ जुलै २००२ला लागू झाला, आणि मग हे हेलकावे आवरले. २०१३च्या शेवटच्या दिवशी दक्षिणेचं जाळंही बाकीच्या देशाशी जोडलं गेलं. आज काश्मीर ते कन्याकुमारी सगळे ट्रान्सफॉर्मर एका सुरात असतात, ४९.९० ते ५०.०५च्या आत. पण १९८६च्या नोव्हेंबरमध्ये देवनारला संध्याकाळी किती होती?

ते कॅसेटवर होतं. रेकॉर्डिंगमध्ये शिरलेल्या हमवरून ते कधी केलं हे शोधायची एक पद्धत आहे. रुमानियाच्या काटालिन ग्रिगोराश यांनी ती पुढे आणली आणि लंडनच्या पोलिसांनीही वापरली. माझं काम त्याहून सोपं होतं. कॅसेट संगणकात घेतली, हम मोजला: ९९.४. म्हणजे वीज ४९.७, जवळजवळ ठीक. मी निराश झाले. मग डोक्यात प्रकाश पडला की टेपचा स्वतःचा वेग कुणी तपासलाय? टेपवर पेटीची काळी एक २८४वर येत होती. तीच पेटी समोर होती, त्यानंतर कधी ट्यून न केलेली. तिची काळी एक २७८. टेप दोन टक्के जोरात पळत होती. हमही तेवढाच खाली आणला: ९७.३. निम्मा केला.

४८.६५.

पेटीचे सूर इतक्या वर्षांत थोडे सरकले असतील, भात्याच्या जोराने थोडे हलत असतील. कोर्टात मी हा आकडा नेणार नाही. पण या फ्रीक्वेन्सीला रेकॉर्ड साधारण पाव सूर उतरते, म्हणजे बरोबर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत.

*

ट्रान्सफॉर्मर कुर्ल्याच्या एका वाइंडिंगवाल्याकडे दिला. त्यांनी पट्ट्या एकेक सोडवल्या, जुने वेढे उलटे मोजत उतरवले, २४०चं वेगळं टोक काढून नव्याने गुंडाळले, वार्निशमध्ये बुडवून भाजून दिलं. “ताई, हाताने गुंडाळलेला होता हा,” ते म्हणाले, “एकसुद्धा वेढा दुसऱ्यावर चढला नव्हता.” खाली रबराचे वॉशर लावले. अर्थची हिरवी वायर पत्र्याला, स्वतंत्र बोल्टने, घट्ट. बाकीची जोडणी एकाच बिंदूला आणली. डेकच्या बाजूने छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकला, त्यामुळे वेटोळं आवाजाच्या वायरीत तुटतं, अर्थमध्ये नाही. १९८६ सालीही हे करता आलं असतं. घरच्या पॅनेलमध्ये आरसीसीबी बसवून घेतला.

दिवाळीच्या आधी अँप्लिफायर लावला. स्पीकरला कान टेकवला तरच काही ऐकू येत होतं. आजीला शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं. आधी आकडा, मग प्लग. आकड्यावर ती बराच वेळ हसली. “चकती लावून दाखवत होते मला!” कापलेल्या वायरीचं ऐकल्यावर हसली नाही. उजवा हात उलटा करून डागाकडे बघत राहिली.

“कोरडा होता,” ती म्हणाली. “फडकंही कोरडं होतं. मी तेव्हा सांगितलं होतं.”

मग म्हणाली, “लाव काहीतरी.” मी रेकॉर्ड लावली. तिने पेटी पुढे ओढली, पट्टी दाबली, आणि डोळे मिटून दोन्ही ऐकत बसली. संध्याकाळचे सात वाजून गेले होते.